एका धावेचा खर्च

मला आयुष्यात पहिला मार बसला तो एका बैलजोडीला स्वस्त म्हटल्याबद्दल. माझ्या सोबतची पोरं मोर्च्यात मार खाऊन आली, रास्ता रोकोत खाऊन आली आणि छाती काढून सांगत फिरली. मी मार खाल्ला गोरेगावच्या जीप स्टँडमागं, उकिरड्याशेजारी. दोघांनी माझे हात धरले होते आणि तिसरा पट्टा काढून विचारत होता, "आमच्या मालकाची जोडी स्वस्त? बोल, स्वस्त?" ह्यात छाती काढण्यासारखं काय होतं? म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. आता मी तिशीला टेकलोय, आणि ह्या मारामागची गोष्ट माझी नाहीच, माझ्या मोठ्या भावाची आहे. ती लिहून ठेवतो.

दादा धुरकरी होता. शंकरपटात छकडा हाकतो तो धुरकरी. पट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ह्या शर्यतीत वळण नाही, फेरी नाही, निव्वळ सरळ रेघ. तूर निघालेल्या रानात वखर आणि फळी फिरवून दीड-दोनशे पावलांच्या दोन वाटा शेजारीशेजारी करतात, त्याला दाण म्हणतात. झेंडी पडली की दोन जोड्या एकदम सुटतात. आठ-नऊ सेकंदांत खेळ खलास. छकडा म्हणजे दोन चाकं, एक आस आणि पाय टेकायला फळी. धरायला काही नाही. धुरकरी कासरा मनगटाला गुंडाळतो, म्हणजे पडला तरी कासरा सुटत नाही. एका हातात पराणी, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. दुसऱ्या हातानं बैलाची शेपटी पिरगळायची, आणि बैल तरीही ढिला वाटला तर शेपटी दातात धरून चावायची. दादा अकरा हिवाळे हेच करून राहिला होता. त्याच्या डाव्या खांद्याचं हाड वर आलेलं, दोन बोटं वाकडी, पुढचा एक दात नाही. बैलांच्या पुठ्ठ्यावर खिळ्याच्या भोकांची ओळ असायची आणि दादाच्या अंगावरही कुठं ना कुठं नवी जखम असायची. सीझन संपला की दोघांच्याही जखमांवर एकच हळद लागायची.

मला त्याला छकड्यावरून उतरवायचं होतं. मला बाकी काहीही नको होतं. बैलांची दया वगैरे मी भाषणात बोलायचो, पण मनात भीती होती ती दादाच्या जिवाची.

मी तेव्हा हिंगोलीत एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचो. हिंगोली नुकतीच जिल्ह्याचं ठिकाण झाली होती आणि ज्याला त्याला पत्रक काढायचं होतं. कुणाला विहिरीचं अनुदान मिळालं नाही, कुणाला रेशन, कुणाला घरकुल. दिवसभर दुसऱ्यांचा संताप जुळवता जुळवता मला स्वतःचा संताप छापायची सवय लागली. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर माझी निम्मी पत्रकं चिकटलेली असायची. मला वाटायचं, आकडा छापला की माणूस शरमतो. वीस वर्षांच्या पोराला ह्यापेक्षा मोठी अक्कल नसते.

तर मी ठरवलं, पटाच्या जोड्यांचा खर्च छापायचा. तीन तऱ्हेच्या जोड्या, तिन्हींचा वर्षाचा खर्च, त्याला वर्षातल्या धावांनी भागायचं. एका धावेला किती पडतं ते लोकांसमोर ठेवायचं.

पहिली जोडी वसमतच्या हळदीच्या व्यापाऱ्याची. दादा तिचाच धुरकरी होता, म्हणून गोठ्यात शिरायला अडचण आली नाही. गोठा कसला, बैलांना पंखा होता. ही जोडी नांगराला कधी लागली नव्हती, मानेवर जुवाचा घट्टा नाही, कातडी नवरीच्या शालूसारखी. व्यापारी स्वतः कौतुकानं सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. एकेका बैलाला सहा लिटर दूध. अंडी. बदाम, तूप, गव्हाचं पीठ. चोळायला गडी वेगळा, तेल वेगळं. पटाला जायला टेम्पो.

"अजून लिव्हा की," व्यापारी म्हणाला. "गरम पाण्याला लाकडं लागतेत ती लिव्हली का?"

मग त्यानं दादाला हाक मारली आणि आडतीतल्या काट्यावर उभं केलं. ज्यावर हळदीची पोती चढवायचे त्याच काट्यावर. दादा चपला काढून चढला. काटा अठ्ठेचाळीसवर थांबला.

"दीड किलो जास्त हायेस," व्यापारी म्हणाला. "परवा पट हाय. आजपासून चहावर ऱ्हा."

"बराबर मालक," दादा म्हणाला.

बैलांना सहा-सहा लिटर दूध आणि त्यांना हाकणाऱ्याला दोन दिवस चहा. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि कागदावर घेतलं नाही. का घेतलं नाही? मला वाटलं, धुरकऱ्याला पैसे मिळतात ती त्याची कमाई, तो खर्च कसा? हे झालं सांगायचं कारण. खरं असं की मला लाज वाटली. माझा भाऊ पोत्याच्या काट्यावर चढतो हे मला छापायचं नव्हतं.

दुसरी जोडी गोरेगावच्या एका ठेकेदाराची. रस्त्याची कामं घेऊन पैसा आलेला, पटात नाव मात्र यायचं बाकी. त्याचे बैल चार महिने खुराकावर आणि आठ महिने कडब्यावर. जे दुधानं साधत नव्हतं ते तो इंजेक्शननं आणि बॅटरीच्या दोन वायरींनी साधायचा. बैलांच्या शेपट्या चावून चावून गाठाळलेल्या. मी गेलो तेव्हा एक बैल माणूस जवळ आला की अंग चोरून थरथरत होता. ठेकेदारानं खर्च हातचं राखून सांगितला, कारण त्याला वाटलं मी कुठल्या तरी ऑफिसातून आलोय.

तिसरी जोडी तांड्यावरच्या एका म्हाताऱ्यांची, त्यांना सगळेच काका म्हणायचे. काकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख फिरायचे, काका चार एकर कसायचे. त्यांची जोडी वर्षभर नांगरायची आणि हिवाळ्यात पंधरा दिवस ज्वारीचं पीठ, गूळ खाऊन पटात उतरायची. काका स्वतःच हाकायचे, साठीच्या वयात, आणि पराणीला खिळा नसायचा. जिभेनं टाळूवर असा काही टकटक आवाज काढायचे की बैल कान पाडून सुटायचे. पटाला टेम्पो नाही, बैल काकांची गाडी ओढत आपल्या पायांनी यायचे आणि जायचे.

आकडे काढले. व्यापाऱ्याची जोडी एका धावेला चार हजार. ठेकेदाराची सव्वादोन हजार. काकांची साठ रुपये. खाली जाड ठशात लिहिलं की माझ्या वहिनीला दिवसभर खुरपण्याचे वीस रुपये मिळतात, म्हणजे व्यापाऱ्याच्या जोडीचे नऊ सेकंद म्हणजे तिचे दोनशे दिवस. शरम वाटत असेल तर पट बंद करा. छापखान्यात त्या आठवड्यात लग्नपत्रिकांची महिरप मोकळी होती, तीच चौकट लावली. तक्ता फार सुबक दिसला.

पत्रक दादाला दाखवलं. तो दुसरीपर्यंत शिकलेला, बोट ठेवून वाचायचा. सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, "बैल हाय, गडी हाय, लाकडं बी हायत. मला काहून न्हाई लिव्हलं?"

"तू खर्चात येत नाहीस दादा."

"आं," तो म्हणाला. कागदाची घडी करून मला परत दिली.

पुसेगावच्या पटात मी दोनशे पत्रकं वाटली. मला वाटत होतं, आता दगड पडतील. मी दगडांची तयारी करून गेलो होतो, डोक्याला रुमाल बांधून. तेवढ्यात मांडवातल्या लाउडस्पीकरवरून पुकारणाऱ्याचा आवाज आला. त्याच्या हातात माझं पत्रक.

"मंडळी, ऐका! छापून आलंय! वसमतच्या मालकांची जोडी, एका धावेला रुपये चार हजार! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. खालची वहिनीची ओळ त्यानं वाचलीच नाही. त्याला ती आभाराची वाटली असेल. मला धरून मांडवात नेलं. व्यापाऱ्यानं माझ्या गळ्यात हार घातला आणि कानात म्हणाला, "खारीक लिव्हायची ऱ्हायली बघा. पुढच्या टायमाला घ्या." मी हार फेकून द्यायला पाहिजे होता. सगळी पंचक्रोशी बघत होती आणि दादा समोर दाणीवर छकड्यापाशी उभा राहून हसत होता. मी हार घालून उभा राहिलो. इतका चुकीचा पुढारी मी.

पुकारणारा पुढं वाचत गेला. "गोरेगावची जोडी, सव्वादोन हजार!"

गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "आरं, ही तर निम्म्या किमतीची!" आणि सगळं रान हसलं. ठेकेदार मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याचं तोंड मी पाहिलं.

"तांड्याची जोडी, साठ रुपये!" ह्यावर तर माणसं पोट धरून हसली. काका सगळ्यांपेक्षा जोरात हसले. म्हणाले, "साठ बी लई लिव्हले पोरा. गूळ तर सोयऱ्यानं दिल्ता."

त्या दिवशी दादानं पहिला नंबर आणला. ठेकेदाराची जोडी पाचवी आली, साठ रुपयांच्या जोडीच्याही मागं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोरेगावात जीपची वाट बघत होतो. तीन माणसांनी मागं नेलं. पहिला फटका कानावर बसला, मग पट्ट्याचं बक्कल भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं. मी खाली पडलो तेव्हा एकानं पोटात लाथ घातली आणि तेवढ्यात ठेकेदार स्वतः आला, शांतपणे पान थुंकला.

"मारू नका आता," तो म्हणाला. "लेका, तुला कुणी शिकवलं रे मला निम्मा म्हणायला? दुसरा कागद काढ. पाच हजार लिव्ह. छपाई मी देतो."

तिथं मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तोंडात रक्त होतं आणि पत्रकाची भाषा जिभेवर. मी म्हणालो, "खर्च केला असता तर छापला असता. करा ना खर्च! करून दाखवा, मग लिहितो."

मी हे टोमणा म्हणून बोललो. ठेकेदारानं ते मनावर घेतलं. मान डोलावली आणि म्हणाला, "व्हय. करतो."

पंधरा दिवसांनी सेनगावच्या बाजूला पट होता. त्याआधी चार दिवस दादा घरी आला आणि खिशातून नोटा काढून वहिनीच्या पुढ्यात ठेवल्या. एक हजार एक. ठेकेदारानं एका पटासाठी त्याला व्यापाऱ्याकडून फोडलं होतं. आमच्या भागात धुरकऱ्याला एवढे कुणी दिले नव्हते.

वहिनी नोटांना हात लावेना. मी म्हणालो, "दादा, त्या जोडीवर बसू नको. ते बैल माणसाला भितात. त्यांना शॉक देऊन देऊन येडं करून टाकलंय."

"बैल कोणता भीत न्हाई?"

"पैसे परत दे."

"पन्नास दिवस हायत हे," तो म्हणाला आणि वहिनीकडं बोट केलं. "हिचे पन्नास दिवस. तुझ्याच कागदात हिशोब हाय. मी शिकून राहिलो तुझ्याकडून."

 मी त्याला म्हणालो, तू गुलाम आहेस. मालकाचा बैल आहेस. मला भाषण करता येत होतं, ते मी भावासमोर केलं. त्यानं उठून माझ्या थोबाडीत दिली. भुवईवरचा टाका उसवला. वहिनी मधे पडली आणि तिलाही एक बसली. आमच्या घरात त्याआधी दादाचा हात कधी उठला नव्हता.

पटाच्या दिवशी मी गेलो. पत्रकं नेली नाहीत. ठेकेदारानं खरंच खर्च केला होता. नवा छकडा, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, नवी पराणी. टेम्पोच्या आडोशाला दोघे जण बैलाची मान वर धरून बांबूच्या नळीनं देशी दारू ओतत होते. एकाच्या हातात बॅटरी. वायर मांडीच्या आत लागली की बैल जागेवरच उडायचा आणि त्याच्या घशातून जो आवाज निघायचा तो बैलाचा वाटायचा नाही. पाठीवरून रक्ताचे ओघळ होते आणि धाव अजून व्हायची होती. दादा शेजारी उभा होता. तीन दिवस चहावर होता, त्याचे गाल आत गेले होते.

तांड्यावरचे काका त्याच्याजवळ गेले. "पोरा, ह्यावर चढू नको. हे बैल तुला वळखत न्हाईत."

"पैशे घेतले काका."

"मग कासरा हाताला गुंडाळू नको. पडला तर पडू दे."

"सुटला तर नंबर जाईल," दादा म्हणाला आणि कासरा मनगटाला तीन वेढे गुंडाळला.

शेजारच्या वाटेवर व्यापाऱ्याची जोडी, नवीन धुरकरी. झेंडी पडली. मी दाणीच्या कडेला मधोमध उभा होतो, म्हणजे मला जे दिसलं ते दोन सेकंद दिसलं. दादा फळीवर बसलेला नव्हताच, बैलांच्या पुठ्ठ्यावर आडवा पडला होता, शेपटी दातात, पराणीचा हात वर-खाली, वर-खाली. बैलांचे डोळे पांढरे. माती तोंडावर आली. दोन्ही जोड्या गेल्या आणि लाउडस्पीकर ओरडला, "गोरेगाव! गोरेगावची जोडी!" ठेकेदाराची जोडी जिंकली होती.

जोडी थांबली नाही. दाणीच्या पुढं जोड्या थांबायला मोकळं रान ठेवतात. तिथं हात पसरून उभी राहिलेली माणसं बाजूला उड्या मारत पळाली. दारूच्या आणि विजेच्या मारात ते बैल रान संपेपर्यंत पळाले, बांधावर चढले आणि छकड्याचं एक चाक बाभळीच्या खोडावर आदळलं. छकडा उलटा झाला. दादा हवेत फेकला गेला, पण पूर्ण गेला नाही, कारण कासरा मनगटाला होता. बैलांनी त्याला तोंडावर ओढत नेलं. दगडांवरून, तुरीच्या खुंटांवरून. तुरीचे खुंट कसे असतात ते तूर कापलेल्या माणसाला विचारा. खिळेच असतात ते. मी पळत होतो आणि मला त्याचं डोकं आपटल्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटी एक बैल पाय मोडून खाली बसला तेव्हा सगळं थांबलं.

दादाचा जबडा एका बाजूला गेला होता. खांदा निखळला होता, मांडी मधेच वाकली होती. त्याच्या तोंडात मातीबरोबर बैलाचे केस होते. तो शुद्धीत होता. माझ्याकडं बघत होता.

माणसं पळत आली. बैलाकडं. बैलाभोवती रिंगण झालं, कुणी पाणी आणलं, कुणी डॉक्टरला हाक मारली. मागं लाउडस्पीकर वेळ पुकारत होता आणि गुलाल उडत होता. दादाजवळ मी एकटा.

पराणी तिथंच पडली होती. ती मी उचलली. इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, मी ठेकेदाराला मारलं. ठेकेदार दहा पावलांवर होता. मी त्याला मारलं नाही. मी रिंगणात घुसलो आणि त्या पाय मोडलेल्या बैलाला मारायला लागलो. खिळा आत जात होता, मी ओढून काढत होतो, पुन्हा घालत होतो. मानेत, खांद्यात. त्याला उठता येत नव्हतं. तो मान फिरवून माझ्याकडं बघत होता. मुक्या जनावरांच्या छळाविरुद्ध एवढी पत्रकं काढलेला मी शिव्या देत होतो आणि मारत होतो.

मागून माझा हात कुणीतरी धरला. काकांचा हात. त्यांनी पराणी काढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि म्हणाले, "त्याला काहून मारतो? त्यानं कागद लिव्हला का?"

टेम्पोतून बैल हिंगोलीला गेला. त्यात दादाला जागा नव्हती. काकांनी आपल्या गाडीत कडबा पसरला, आम्ही दादाला त्यावर घातलं आणि साठ रुपयांच्या जोडीनं त्याला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. काका खाली उतरून बैलांच्या तोंडाशी चालत होते, म्हणजे हिसका बसू नये. पुढं जीप, हिंगोली, मग नांदेडचा मोठा दवाखाना.

जबडा तारेनं बांधला. मांडीत सळई घातली. घरी आणला तेव्हा डॉक्टरनं सांगितलं होतं, चावायचं काही नाही. दूध, कच्चं अंडं, पातळ पेज. दादाच्या आयुष्यात पहिल्यांदा खुराक सुरू झाला. दिवसाला दोन लिटर दूध, वहिनी वाटीनं ओठांच्या फटीतून पाजायची. त्याचे हजार एक पंधरा दिवसांत संपले. वहिनी खुरपायला जायची, मी छापखान्यात जादा काम घेतलं.

महिन्याभरानं ठेकेदाराचा माणूस छापखान्यात आला. हातात वहीचा कागद. "मालकानं निरोप दिलाय, खर्च केला. आता शब्द पाळ."

कागदावर यादी होती. छकडा, शेंब्या, टेम्पो, बाटल्या, बैलाचं ऑपरेशन, बैलाची इंजेक्शनं. त्याखाली, "धुरकरी दवाखाना रुपये पाचशे." त्याखाली नारळ, गुलाल. दादाला दिलेले हजार एक त्यानंही खर्चात धरले नव्हते. दादाच्या जखमांचे त्यानं पाचशे पाठवले होते, तेही वहिनीनं दारात जाऊन उभं राहिल्यावर.

मी यादी जशीच्या तशी जुळवली. एक शब्द माझा घातला नाही. फक्त दादाची ओळ छापखान्यात असलेल्या सगळ्यात मोठ्या ठशात घेतली. गोरेगावच्या जीप स्टँडवर, सेनगावला, हिंगोलीला, सगळीकडं चिकटवली आणि स्टँडमागच्या त्याच उकिरड्यापाशी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, या. कुणी आलं नाही. ठेकेदारानं शंभर प्रती विकत नेल्या. एका जीपवाल्यानं ओळ वाचली आणि म्हणाला, "बघ, हाकणाऱ्याला बी पाचशे दिले. मोठ्या दिलाचा माणूस." त्या कागदासाठी माझ्या अंगाला कुणी हात लावला नाही.

उन्हाळ्यात तार निघाली. जबडा वाकडाच राहिला, पाय दोन बोटं आखूड झाला. छकडा सुटला. मला जे पाहिजे होतं ते झालं. ठेकेदाराच्या गोठ्यात नवा बैल आला आणि नवा धुरकरी. आमच्याच वस्तीतला.

एका संध्याकाळी दादानं तो कागद मागितला. बोट ठेवून आपली ओळ वाचली. मग म्हणाला, शब्द एका बाजूनं निसटत होते, "आता भाग."

"काय?"

"बैलाचा खर्च तू धावांनी भागतो ना? माझा बी भाग. अकरा हिवाळे."

मी नको म्हणालो. तो ऐकेना. आम्ही दोघांनी आठवून आठवून मोजलं, कोणत्या वर्षी किती पट, एका पटात किती धावा. दोनशेच्या वर गेलं. पाचशेला तेवढ्या धावांनी भागलं. एका धावेला दोन रुपये आणि वर थोडी चिल्लर.

दादानं आकडा बघितला. 

"काकाच्या जोडीला साठ व्हते ना?"

"होय."

"म्हंजी सगळ्यात स्वस्त मीच निघालो की रे," तो म्हणाला, आणि त्या वाकड्या तोंडानं हसायला लागला. वहिनी आतून बाहेर आली, काय झालं म्हणून विचारायला. तो हसतच होता. मी वाट बघत होतो, आता तरी तो मला मारेल.